अंधार किती वेळ ठेवायचा

काय काम करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, सिनेमे एकापुढे एक लावते. समोरच्याला वाटतं मी चेष्टा करते. पण काम खरोखर तेवढंच आहे. लातूरला आमचं एक हौशी चित्रपट मंडळ आहे. ते दरवर्षी लघुपटांचा महोत्सव भरवतं, आणि त्यातला प्रायोगिक लघुपटांचा खेळ कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. प्रायोगिक म्हणजे ज्यात गोष्ट नसते, किंवा असली तरी सांगायची घाई नसते असे सिनेमे. देशभरातून येतात. त्यातले सात-आठ निवडायचे आणि कुठल्यानंतर कुठला ते ठरवायचं.

बाहेरच्याला वाटतं, निवडलं की संपलं. खरं डोकं जातं ते क्रम लावण्यात. आवाजी सिनेमानंतर शांत सिनेमा लावला तर लोकांना वाटतं स्पीकर गेला. दोन संथ सिनेमे पाठोपाठ आले की मागच्या रांगेत मोबाइल उजळायला लागतात. पहिल्या सिनेमाला लोक येत असतात, दुसऱ्याला टेकतात, तिसऱ्याला ते खरे तुमचे असतात. म्हणून अवघड सिनेमा तिसरा. हे मला कुणी शिकवलं नाही. मी मूळची कंधारची. नवऱ्याच्या नोकरीमुळे लातूरला आले आणि शाळेत चित्रकला शिकवता शिकवता या नादाला लागले. प्रेक्षकांच्या पाठी बघून बघून मला हे कळत गेलं. खेळ चालू असताना मी पडद्याकडे फारशी बघतच नाही. मागे उभी राहते आणि पाठी बघते. कुणाची मान कधी वळते, कोण खुर्चीत खाली सरकतं, कोण ताठ होतं. जीव थाऱ्यावर नसतो. खेळ संपेपर्यंत मला बसवत नाही.

आमचे प्रेक्षकही एकेक नमुने. एकदा पाण्यात बसलेल्या म्हशीचा सिनेमा होता. कॅमेरा हलत नाही, म्हैसही हलत नाही. चाकूरहून आलेले एक गृहस्थ जिना चढून थेट प्रोजेक्टरच्या खोलीत गेले आणि सिनेमा अडकलाय म्हणून सांगायला लागले. प्रोजेक्टर सांभाळणारे आमचे जब्बारभाई जुन्या टॉकीजमधले माणूस, रिळांच्या काळापासून या धंद्यात. ते म्हणाले, म्हैस अडकली हाय, सिनेमा चालू हाय. गृहस्थ परत जाऊन बसले आणि शेवटपर्यंत बसून राहिले. दुसरे एक निवृत्त गुरुजी. दरवर्षी येतात, आणि खेळ संपला की हात वर करून विचारतात, याच्यातून घ्यायचं काय? एकदा मी त्यांना म्हटलं, गुरुजी, काही कळत नाही तर येता कशाला? ते म्हणाले, घरी सगळं कळतंच की.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण ज्या खेळाने माझी या कामातली बसलेली घडी मोडली, तो सांगायचा आहे. त्यातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत.

रेणुका नावाच्या मुलीने तिचा सिनेमा पाठवला तेव्हा ती पंचविशीची असेल. तिचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्याने वसवलेलं, चौकोनी गल्ल्यांचं, पुनर्वसनातलं. तिचा जन्म नव्या गावातला. सिनेमाचं नाव ‘बाज’. त्यात तिची आई रोज संध्याकाळी घरातून बाज उचलते आणि अंगणात आणून टाकते. एवढंच. मोबाइल एकाच जागी ठेवून वर्षभर टिपलेलं. उन्हाळ्यात बाजेवर नुसती चादर, थंडीत दोन गोधड्या, पावसाळ्यात वर ताडपत्रीचं छप्पर. घर पक्कं आहे, भिंती मजबूत आहेत, पण बाई आत झोपत नाही. बाज उचलताना ती आधी एका पायाला धरते, मग उंबऱ्याशी तिरकी करते. दर वेळी तशीच. बघता बघता त्या बाईचा हात आपल्या ओळखीचा होतो.

आणि मग पडदा काळा होतो. तीन-चार मिनिटं काहीच दिसत नाही. फक्त जमिनीतून यावा तसा आवाज, हळूहळू वाढत जाणारा. मग एकदम सगळं बंद, आणि सिनेमा संपतो.

पहिल्यांदा बघितला तेव्हाच मला कळलं की या वर्षीचा तिसरा सिनेमा हाच. त्या भूकंपाच्या पहाटे मी कंधारला होते. फळीवरची भांडी पडली, आम्ही सगळे रस्त्यावर आलो, तासाभराने परत आत जाऊन चहा केला. आमचं एवढ्यावर भागलं. लातूरच्या दक्षिणेकडे काय झालं ते दिवस वर आल्यावर रेडिओवर कळलं. त्यामुळे भूकंपाचा तो आवाज मी ऐकलेला नव्हता आणि रेणुकानेही नव्हता. मी तिला फोन करून बोलावून घेतलं. ती म्हणाली, घरात त्या पहाटेचा विषय निघाला की सगळे गप्प होतात. रस्त्याने जड ट्रक गेला तरी आईच्या हातातलं काम थांबतं. लहानपणापासून ती हे बघत आली होती. मग जरा थांबून म्हणाली, “ताई, मी त्यांच्या भीतीत वाढले. ती येते कुठून, ते मला बघायचं होतं.”

आता अडचण अशी की मंडळाचे अध्यक्ष अप्पा. अप्पा म्हणजे मोंढ्यातले, धान्यबाजारातले, मोठे आडत व्यापारी, कपाळावर विभूतीचे पट्टे, स्वच्छ पांढरे कपडे, आवाज कधी चढायचा नाही. हॉल त्यांच्या शब्दावर मिळायचा. जुन्या गाण्यांच्या सिनेमांवर त्यांचा जीव. माझ्या विभागात त्यांना काडीचा रस नव्हता, पण कधी आडवे आले नाहीत. बैठकीत मी ‘बाज’बद्दल सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पेन फिरवत बसले. मग एवढंच म्हणाले की सिनेमा माणसानं इसरायसाठी बघायचा असतो, हा सिनेमा राहू द्या. त्यांची धाकटी बहीण त्या पट्ट्यातल्या एका गावात दिली होती आणि ती त्या पहाटे गेली, हे बैठकीत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे कुणी बोललं नाही. मीच बोलले. म्हटलं, मुलीची आई स्वतः बघायला येणार आहे, गावातल्या बायांना घेऊन. अप्पा म्हणाले, “तुमचं काम तुमाला कळतं.” आमच्याकडे याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. पण शब्द तर हो होता, आणि मी शब्द धरला.

आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये आम्ही तो चालवून बघितला. घरी लॅपटॉपवर तो आवाज नुसता घरघरल्यासारखा यायचा. हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून तो पायातून वर चढला. जब्बारभाईंनी आवाज थोडा कमी ठेवू का विचारलं. रेणुका नको म्हणाली. मग वाद झाला तो आधी सांगायचं की नाही यावर. माझं म्हणणं, शेवटी अंधार आणि मोठा आवाज आहे हे लोकांना सांगितलंच पाहिजे. तिचं म्हणणं, सांगितलं की सिनेमा तिथंच संपला. शेवटी मी सांगायचं ठरलं, मोजक्या शब्दांत. दारं नुसती लोटलेली ठेवायची, कडी नाही. तिला ते पटलं नाही, पण ती मान डोलावून गेली.

खेळ रविवारी दुपारी होता. हॉल भरला. शिकवणीच्या वर्गांतली पोरंपोरी सुट्टी म्हणून आली होती. गुरुजी होते. रेणुकाची आई सोजरबाई गावातल्या दहा-बारा बायांबरोबर जीपने आली, आणि त्या सगळ्या मधल्या दोन रांगांत बसल्या. अप्पा येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले आणि शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. मी त्यांच्या मागेच उभी होते.

‘बाज’च्या आधी मी ठरल्याप्रमाणे शेवटच्या अंधाराचं आणि आवाजाचं दोन वाक्यांत सांगितलं. बाजेचा भाग सुरू झाला तशा बाया खुसुखुसु हसायला लागल्या. पडद्यावर आपल्यातली बाई दिसते याचं त्यांना अप्रूप. सोजरबाई पदर तोंडाला लावून बघत होती. मग पडदा काळा झाला.

आवाज सुरू झाल्यावर काही क्षण काहीच झालं नाही. मग एक खुर्ची आपटली. आमच्या हॉलच्या खुर्च्या उठलं की आपोआप मिटतात आणि खाडकन वाजतात. मग दुसरी वाजली, आणि मग अख्खी रांग. कुणी ओरडलं नाही. आजही मला त्याचीच भीती वाटते, की कुणीच ओरडलं नाही. जे चाळिशीच्या पुढचे होते ते जवळजवळ सगळे उठले होते आणि हात पुढे करून दाराच्या दिशेने निघाले होते. शिकवणीची पोरं आधी हसली, मग त्यांचंही हसू थांबलं. माझ्या पुढची खुर्चीही वाजली. अप्पा माझ्या अंगावरून गेले. त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला. दार उघडून ते बाहेर पडले.

मी जिन्यावरून वर पळाले. जब्बारभाई एक हात दिव्यांच्या खटक्यावर आणि एक हात आवाजावर ठेवून माझीच वाट बघत होते. ठरवायचं मलाच होतं. आवाज एकदम तोडला तर त्या शांततेने माणसं जास्त बिथरतील असं मला वाटलं. एकदम झगझगीत दिवे लावले तर दाराकडे लोंढा जाईल. आणि काहीच केलं नाही तर अंधारात कुणीतरी पायऱ्यांवरून पडेल. मी म्हटलं, दिवे अर्धे करा, हळूहळू. आवाज चालू राहू द्या.

हॉल पिवळट उजळला. माणसं जिथल्या तिथं उभी, एकमेकांकडे बघत. आवाज चालूच. तेवढ्यात मधल्या रांगेतून सोजरबाईचा आवाज आला. ती उठलीच नव्हती. “बसा गं बायांनो,” ती म्हणाली. “गिरणी हाय ती. आपल्या गावातली. पट्टा वाजायलाय बघा.”

नंतर कळलं की ते खरं होतं. त्यांच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे. रेणुकाने तिचाच आवाज टिपून, संथ करून वापरला होता. सैल पट्ट्याची फटफट त्या संथ आवाजातही लपली नव्हती. रोज ऐकणाऱ्या कानाला ती कळली. एक बाई खाली बसली, मग दुसरी. कुणीतरी हसलं आणि हसता हसता रडायला लागलं. आवाज तुटला आणि सिनेमा संपला. टाळी एकही पडली नाही.

मी जब्बारभाईंना थांबायला सांगितलं. वाटलं होतं, लोक निघून जातील. गेले ते थोडेच. बाकीचे खुर्च्या वळवून बोलत बसले. कोण कुठे झोपलं होतं, कुणी कुणाला ओढून काढलं, कुणाला नाही काढता आलं. शिकवणीची पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. त्यांच्याच आईबापांनी त्यांना हे कधी सांगितलेलं नव्हतं. गुरुजींनी हात वर केला नाही. हे इतका वेळ चाललं की उरलेले सिनेमे दाखवताच आले नाहीत. पुण्याहून स्वतःचा सिनेमा घेऊन आलेला एक दिग्दर्शक माझ्यावर फार चिडला. त्याचं बरोबर होतं. मी त्याला वेळ दिली होती आणि पाळली नाही. त्याने पुन्हा आमच्याकडे काही पाठवलं नाही.

बाहेर रेणुका भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं, ती घाबरली असेल. ती संतापली होती. म्हणाली, “तुम्ही दिवा लावला ताई. माझा सिनेमा तुम्ही तिथंच मोडला.” मी सांगायला लागले की लोक पडले असते, चेंगरले असते. तिने मान फिरवली. तेवढ्यात सोजरबाई आली. लेकीला पोटाशी धरेल, असं वाटलं होतं. ती तिच्यासमोर उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “बाजेचं दाखवलंस, दाखव. पन गिरणीचं मला इचारायचं होतंस. आता रोज सकाळी गिरणी सुरू झाली की मला हेच ऐकू यील.”

सिनेमावाल्यांना आपल्या आवाजाचा, आपल्या अंधाराचा फार अभिमान असतो. पण खेळ संपल्यावर तो आवाज कुणाच्या घरी राहायला जातो, याचा विचार आमच्या धंद्यात कुणी करत नाही. मी तोवर केला नव्हता. बाया जीपमध्ये बसल्या. रेणुका त्यांच्याबरोबर गेली नाही. मैत्रिणीकडे राहिली.

पंधरवड्यानंतर हेच सिनेमे नांदेडला दाखवायचे होते. जाऊ नये असं फार वाटत होतं. पण कार्यक्रम ठरलेला होता, आणि रेणुकाने एकच अट घातली होती: अंधार पूर्ण. मी मान्य केली. नांदेडचा हॉल लहान, नवा, खुर्च्यांना गाद्या. पडदा काळा झाला आणि मी सवयीने पाठी बघायला लागले. एकही पाठ हलली नाही. कुणी जांभई दिली, कुणी घड्याळ बघितलं. संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. एका प्राध्यापकांनी ध्वनीच्या वापरावर लांबलचक कौतुक केलं. एका मुलाने आवाज संथ करायला कुठलं सॉफ्टवेअर वापरलं ते विचारलं. रेणुकाने सगळ्यांना नीट उत्तरं दिली.

लातूरच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. लोहा गाव मागे पडल्यावर म्हणाली की इथं कुणी उठलं नाही ते बघून तिला कसंतरीच झालं. टाळ्या वाजत असताना तिला आईच दिसत होती. शेवटचा आवाज काढून टाकायचं तिच्या मनात घोळत होतं. मी काढू नको म्हटलं. सिनेमा म्हणून तो आवाज तिथेच हवा, हे माझं मत होतं आणि आजही आहे. ती म्हणाली, सिनेमा म्हणून ठीक आहे ताई. तेव्हापासून तिने तो कुठेच पाठवलेला नाही. काढला की ठेवला, हेही मला माहीत नाही. तिला विचारायचा धीर मला होत नाही.

अप्पा त्या रविवारनंतर मंडळात आले नाहीत. राजीनामा दिला नाही, फोनही उचलला नाही. हॉल दुसरा शोधावा लागणार, असं आम्ही धरून चाललो. आणि सोयाबीनचा हंगाम ऐन भरात असताना एक दिवस त्यांचाच फोन आला. तो सिनेमा मला बघायचाय, दुकानावर या, दिवसा या.

मी लॅपटॉप घेऊन मोंढ्यात गेले. दुकानाची दारं सताड उघडी, बाहेर पोती उतरत होती, आत सोयाबीनचा भुसा उडत होता. अप्पांनी मला गादीवर बसवलं, चहा सांगितला आणि लॅपटॉप आपल्यापुढे ओढून घेतला. बाजेचा भाग त्यांनी पापणी न हलवता बघितला. सोजरबाई ताडपत्री बांधते तिथे ते थोडे पुढे झुकले. पडदा काळा झाला. मोंढ्याच्या गलक्यात लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून तो आवाज येतोय की नाही तेही कळेना. अप्पांनी विचारलं, आवाज यायला नाही का? मी सांगितलं की खालचा सूर या मशिनीला पेलत नाही. त्यांनी मान हलवली. काळ्या पडद्यात त्यांचाच चेहरा दिसत होता, तो ते संपेपर्यंत बघत राहिले.

मग लॅपटॉप मिटून माझ्याकडे सरकवला. “लातुरात पुन्हा दाखवू नका,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी रेणुका तयार झाली आणि सिनेमा पुन्हा आला तर मी काय करीन, हे मला त्या दिवशीही ठरवता आलं नाही आणि हे लिहितानाही येत नाही. मी चहा संपवला आणि उठले. चप्पल घालत होते तेव्हा अप्पांनी मागून हाक मारली. हमालांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “त्या बाईला सांगा, मी बी बाहेरच झोपतो. गच्चीवर. घरच्यांना वाटतंय मला उकडतंय म्हणून.”

घरी आल्यावर मी सोजरबाईला फोन लावला. मागे गिरणी चालू होती, त्यामुळे निरोप दोनदा सांगावा लागला. मग ती म्हणाली, “गच्चीवर वारं लई असतंय. कान बांधून झोपा म्हनावं.”